गाठ नसलेल्या जागा

संक्रांतीच्या आधीच्या दिवसांत सोलापूरच्या पूर्व भागात सकाळी लवकर फिरावं. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक, ही सगळी विणकरांची वस्ती. यंत्रमागांचा खडखडाट सुरू व्हायच्या आत बायका सडा टाकून रांगोळीला बसलेल्या असतात. घरं बहुतेक तेलुगू पद्मशाली, मधूनच एखादं कानडी, एखादं मराठी. दारं इतकी खेटून, की एकीच्या रांगोळीचं टोक दुसरीच्या सड्यात शिरतं आणि त्यावरून होणारी कुरबुर तीन भाषांत चालते.

मला बघायला आवडतं ते दोन शेजारच्या दारांतलं वेगळेपण. मराठी दारातली रांगोळी ठिपक्यांची. आधी ओळीनं ठिपके मांडायचे, नऊ ते एक, अकरा ते सहा, जसं ठरलं असेल तसं. मग ते रेघांनी जोडायचे. पलीकडच्या दारातल्या अक्कांचा मुग्गूही ठिपक्यांनीच सुरू होतो, पण त्यांची रेघ ठिपक्याला शिवतसुद्धा नाही. ती वळसे घेत, स्वतःलाच ओलांडत सगळ्या ठिपक्यांच्या मधून फिरते आणि निघाली तिथं परत येते. तेलुगूत याला मेलिकल मुग्गू म्हणतात. मराठी दारात ठिपका म्हणजे रेघेचा मुक्काम. अक्कांच्या दारात ठिपका म्हणजे ज्याला वळसा घालून पुढं जायचं तो. तिकडे ठिपके शेवटी रेघांखाली दिसेनासे होतात, इकडे ते शेवटपर्यंत एकेकटे बसून राहतात.

दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखी. रेघा एकमेकींना कापून जातात अशा पुष्कळ जागी ठिपका नसतो. एकदा असल्याच एका जागेकडे बोट दाखवून मी अक्कांना विचारलं, इथं ठिपका राहिला का? त्यांनी वर न बघता सांगितलं, ‘‘तिथं ठिपका नसतंय हो. तिथनं रेघ नुसतं जातंय.’’

गणिताची एक शाखा या एवढ्याशा उत्तरावर उभी आहे. आलेख सिद्धांत हे तिचं मराठी नाव, शाळेतल्या चौकटींच्या आलेखकागदाशी तिचं काही देणंघेणं नाही. काही बिंदू घ्यायचे, त्यांना शिरोबिंदू म्हणायचं. कुठल्या दोघांत जोडणी आहे ते ठरवायचं, त्या जोडणीला कड म्हणायचं. संपलं. कड सरळ काढली की वाकडी, लांब की आखूड, कुणी विचारत नाही. आणि कागदावर काढताना दोन कडा एकमेकींवरून गेल्या, तर तो छेद मोजायचा नाही. तो कागदाच्या अपुरेपणाचा भाग, आलेखाचा नव्हे. डोळ्यांना जे सगळ्यात ठळक दिसतं त्यालाच ‘तू नाहीस’ म्हणायचं, ही शिस्त मला पहिल्यांदा वाचली तेव्हा जरा निष्ठुर वाटली होती. अक्कांना ती कुणी शिकवावी लागली नव्हती.

शाळेत वहीच्या शेवटच्या पानावर पेन न उचलता चांदणी काढायचा खेळ सगळेच खेळतात. पाच रेघा, पाच टोकं. आता हिला कोपरे किती? भूमितीवाले सांगतात, पाच. मध्ये रेघा आणखी पाच ठिकाणी कापल्या जातात, पण ते शिरोबिंदू नव्हेत, कारण तिथं पेन वळलेलं नाही. ते सरळ पुढं गेलंय. हीच चांदणी घोटीव कागदातून कात्रीनं कापून काढा. कात्रीला आतल्या पाचही जागी वळावं लागतं, आणि कोपरे होतात दहा. आणि एखाद्या मुंगीला त्या रेघांवर सोडलं, आणि जिथं रस्ता बदलता येतो ती प्रत्येक जागा नाका धरली, तर दहा नाके आणि त्यांना जोडणारे पंधरा तुकडे. आकृती तीच. पेनाचा हिशेब एक, कात्रीचा दुसरा, मुंगीचा तिसरा, आणि तिघांचेही बरोबर. बिंदूच्या अंगी स्वतःचं असं काही नसतं. त्या जागी येणारा काय करतो, वळतो की सरळ जातो, त्यावर त्याची जात ठरते.

भूमितीच्या तासाला आमचे सर फळ्यावर त्रिकोण काढून तीन टोकांना नावं द्यायचे. अ, ब, क. बाजूवर असंख्य बिंदू असतात हे ते आवर्जून सांगायचे, पण नावं त्या तिघांनाच. चौथ्याला नाव मिळायचं ते गरज पडली तर. कुणी मध्यबिंदू म्हणून, कुणी छेदनबिंदू म्हणून. बाकीचे असंख्य जन्मभर निनावी. एकदा सरांनी पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून आणला, त्यावर तिन्ही मध्यगा काढल्या आणि त्या जिथं मिळतात तो गुरुत्वमध्य पेन्सिलीच्या टोकावर ठेवून हात सोडला. त्रिकोण तरंगत राहिला. आम्ही टाळ्या वाजवल्या. नाव असलेल्या तिघांपैकी एकालाही ते ओझं पेललं नसतं, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. शिरोलंबांचा संपातबिंदू तर आणखी लहरी. लघुकोन त्रिकोणात तो आत असतो, विशालकोन झाला की घर सोडून बाहेर जातो, आणि एखादा कोन बरोबर नव्वद अंशांचा झाला की थेट त्या शिरोबिंदूवरच जाऊन बसतो. म्हणजे ज्याची ती गादी नाही तोही अधूनमधून तिच्यावर बसून येतो.

भूमितीतली बाजू आणि आलेखातली कड या दोन वेगळ्याच वस्तू आहेत हे मात्र पुष्कळ उशिरा कळलं. बाजूवर बिंदू असतात. कडेवर काहीच नसतं. कड म्हणजे दोन टोकांमधला नुसता करार. हे समजायला एस.टी. पुरते. सोलापूर-पुणे विनाथांबा गाडीत बसलं की मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण ही गावं खिडकीबाहेरून जातात, पण गाडीच्या लेखी ती नसतातच. तिथं उतरायचं असेल तर कंडक्टर आधीच खाली उतरवतो. साधी गाडी धरली की तीच गावं एकेक करून शिरोबिंदू होतात. कडेच्या मधोमध असा एक बिंदू मानला, ज्याला येणारी एक आणि जाणारी एक अशा दोनच वाटा आहेत, तर आलेखात मुळातला काही बदल होत नाही, असं गणिती धरून चालतात. काझिमीर कुराटोव्स्की या पोलिश गणितज्ञाचा १९३० सालचा एक फार नावाजलेला सिद्धांत आहे. एखादा आलेख छेदाशिवाय कागदावर काढता येईल की नाही, ते तो सांगतो, आणि हे सांगताना असल्या मधल्या थांब्यांकडे सरळ डोळेझाक करतो. मोहोळकरांना हे आवडायचं नाही.

याच्या उलट गंमत कुर्डुवाडीला होती. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं तिथून बार्शीपर्यंत बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. तिचे रूळ अडीच फुटी. मुंबई-मद्रास लाइनचे रूळ साडेपाच फुटी. नकाशावर दोन्ही रेघा कुर्डुवाडीत मिळतात आणि मध्ये जंक्शनचा ठिपका असतो, चांगला ठसठशीत. लाइन पुढं पंढरपूरपर्यंत वाढल्यावर मुंबईहून आलेला वारकरी तिथं उतरायचा, छोट्या गाडीत बसायचा आणि पंढरपूरला जायचा. त्याच्यासाठी तो शिरोबिंदूच. पण मुंबईहून आलेली मालाची वाघीण तिथपर्यंतच; एका रुळावरून दुसऱ्या रुळावर ती जाऊच शकत नव्हती. पोती उतरायची, हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत चढायची. पोत्याला जे जंक्शन, ते वाघिणीला नव्हतं. आता ती लाइन रुंद झाली, त्यामुळं हा भेद मिटला. नुसत्या छेदाचं उदाहरण बघायचं तर नागपूरला जावं लागतं. तिथल्या डायमंड क्रॉसिंगवर पूर्व-पश्चिम रूळ उत्तर-दक्षिण रुळांना कापून जातात. लोखंडाला लोखंड भिडलेलं असतं, पण सांधा नाही. गाडी आली तशी समोर निघून जाते. वळायचं म्हटलं तरी वळता येत नाही. म्हणजे भिडणंही पुरत नाही.

गावातल्या रस्त्यांचंही असंच. सोलापुरात सात रस्ता नावाचा चौक आहे. ते सात रस्ते नक्की कुठले यावर सोलापूरकरांत एकमत व्हायचं नाही, पण नावावर विश्वास ठेवला तर घरबसल्या एक गोष्ट सिद्ध करता येते. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला टोकं दोन. म्हणून गावातल्या सगळ्या नाक्यांवर येऊन मिळणारी टोकं मोजली तर बेरीज सम यायलाच हवी. एक नाका सातचा, म्हणजे विषम. तेव्हा गावात दुसरा एखादा तरी विषम नाका असणारच. एखादा तिठा, नाहीतर पुढं भिंत लागणारा बोळ. गणितज्ञ ऑयलरनं १७३६ साली कोनिग्जबर्गच्या सात पुलांवर जो लेख लिहिला, त्यात ही बेरीज आहे. तिथंही सातच निघाले हा योगायोग. मात्र हा हिशेब करताना उड्डाणपूल बाजूला ठेवावे लागतात. पुलावरचा रस्ता खालच्याला कापतो, मिळत नाही. नकाशावर तिथं फुली दिसते खरी. आणि फोनमधली बाई कधीकधी त्या फुलीला फसून भर पुलावर ‘आता डावीकडे वळा’ असं शांतपणे सांगते.

सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत तर अख्खं गाव या असल्या जागांवर उभं असतं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापूरच्या चौफेर ६८ लिंगं स्थापन केली. यात्रेच्या पहिल्या दिवशी बाराबंदी घातलेले भक्त सात नंदीध्वज घेऊन या लिंगांना तैलाभिषेक करायला निघतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, सिद्धरामांच्या योगदंडाशी लग्न लावून घेणाऱ्या कुंभारकन्येच्या आठवणीसाठी. नंदीध्वज उंच आणि चांगले जड. ते पेलणाऱ्याचं लक्ष तोलावर आणि बघणाऱ्यांचं लक्ष वरच्या टोकावर. मिरवणुकीचा मार्ग कागदावर मांडायचा तर ६८ ठिपके आणि त्यांना जोडणारी लांबलचक वाट, जुन्या गावातल्या गल्ल्यांतून जाणारी. पण गर्दी कुठं असते? लिंगापाशी फार थोडी माणसं मावतात. बाकी सगळे दोन लिंगांच्या मधल्या रस्त्यावर, कट्ट्यांवर, गच्च्यांवर, दुकानांच्या पायऱ्यांवर. लहानपणी मला खांद्यावर घेऊन वडील जिथं उभे राहायचे, तिथं एक सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि धार्मिकदृष्ट्या त्या जागेला काडीचं महत्त्व नव्हतं. मी यात्रा बघितली ती तिथून. अजूनही कुणी यात्रेचं विचारलं की मला लिंग आठवत नाही, नंदीध्वज जाताना हलणारं त्या दुकानाचं पत्र्याचं छत आठवतं.

पण सोलापुरात हे खरं बघायचं तर मागावर बघावं. ताण्याचे उभे धागे फणीतून ओवून ताणलेले असतात. त्यांतले काही वर उचलले जातात, काही खाली राहतात, मधल्या फटीतून धोटा बाण्याचा धागा घेऊन पलीकडे जातो, फणी तो ठोकून बसवते, उचललेले धागे खाली येतात, खालचे वर जातात, धोटा परत. प्रत्येक उभा धागा प्रत्येक आडव्या धाग्याला कापतो आणि एकाही ठिकाणी गाठ पडत नाही. सोयीसाठी अगदी साधी वीण धरा, इंचाला ४० उभे आणि ४० आडवे. म्हणजे एका चौरस इंचात १,६०० छेद. ६० बाय ९० इंचांच्या चादरीत ८६ लाख ४० हजार. इतक्या जागी धाग्यावरून धागा गेला, आणि शिरोबिंदू शून्य.

नाही म्हणायला, कधीकधी एखादा पडतो. चालता चालता ताण्याचा धागा तुटतो. कामगार माग थांबवतो, दोन टोकं शोधतो, बोटांत मुरडून गाठ मारतो आणि माग सुरू करतो. अख्ख्या चादरीत एक धागा दुसऱ्याला खऱ्या अर्थानं जोडला गेला तो तेवढाच. पुढं चादर तपासणीला येते. तपासणारी बाई तिच्यावरून तळवा फिरवते, तो नेमकी ती गाठ हुडकायला. सापडली की तो डाग. मासेमाराच्या जाळ्यात गाठ हेच सर्वस्व, गाठ सुटली की जाळं गेलं. चादरीत गाठ म्हणजे खोट. माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या विणकराला मी ही शिरोबिंदूंची भानगड सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे गाठ मोजून पगार देणार काय?’’

गाठ नाही, मग एवढं मोठं कापड सुटून कसं जात नाही? धागा एकाच्या वरून गेला की पुढच्याच्या खालून जातो. शेजारचा नेमका उलटा. असे सगळे मिळून एकमेकांना दाबून धरतात. कडेचा धागा ओढला तर सहज निघून येतो. मधला ओढून बघा, कापड गोळा होईल पण धागा सुटायचा नाही. त्याला कुणी बांधलेलं नाही, अडवलेलं मात्र सगळ्यांनी आहे. ताण्याला विणण्याआधी खळ लावतात, धागे ओढाताणीत तुटू नयेत म्हणून. नवं कापड ताठ लागतं ते या खळीमुळं. छेदांच्या जागा चिकटलेल्या असतात. दोन-चार धुण्यांत खळ जाते, छेदांपाशी धागे थोडे सरकायला लागतात आणि चादर अंगाशी येते. घरोघरी जुनी चादर टाकवत नाही त्याचं कारण भावनेचं समजतात. मला ते निम्मं तरी खळीचं वाटतं.

चादरीवरची फुलं-पानं, मोर, नक्षीचे चौक हे जॅकार्डचं काम. १८०४ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार्डनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकमानं धागे उचलणारं यंत्र पुढं आणलं. तीच युक्ती इकडे पोचली. नक्षी काढणारा माणूस चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवत जातो, आता संगणकावर. एक घर म्हणजे एक छेद. रंगवलं तर उभा धागा वर, कोरं सोडलं तर आडवा. दोघे तिथं जोडले गेलेत का, हा प्रश्नच तिथं उपस्थित होत नाही. प्रश्न इतकाच, की वर कोण. मोर दिसतो तो एवढ्यावरच. आणि चादर उलटी केली की वरचा रंग खाली, खालचा वर, मोर तिथंच. सोलापुरी चादरीला पाठ अशी नसतेच, आणि तिच्या भौगोलिक मानांकनाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा गुण जास्त मिरवायला हवा असं मला वाटतं. आलेख सिद्धांतवाले छेद विसरून जातात. दोऱ्यांच्या गुंत्यांचा अभ्यास करणारे गणिती मात्र विसरत नाहीत, ते खालून जाणारी रेघ छेदाशी तोडून दाखवतात. विणकरांची पोरं या दुसऱ्या गणितात बरीच पुढं निघून जातील, कुणी त्यांना ते शिकवलं तर.

आमच्याकडच्या भाषांबद्दल बोलताना ‘संगम’, ‘मिलाफ’ असले शब्द सर्रास वापरतात. मला ते सत्काराच्या भाषणातले वाटतात. पूर्व भागातल्या चहाच्या गाड्यावर एकजण सुताचा भाव तेलुगूत विचारतो, दुसरा तो मराठीत सांगतो, तिसरा कानडीत शिवी हासडतो, चौथा दखनीत सगळ्यांना गप्प करतो. मग चहा संपतो आणि जो तो आपापल्या घरी आपापल्या भाषेत जेवतो. कुणाची भाषा कुणात मिसळली असं म्हणण्यापेक्षा त्या एकमेकींवरून गेल्या, कधी ही वर, कधी ती, असंच म्हणावंसं वाटतं. गाठीही पडल्यात. ‘काय करलालास बे?’ हे ऐकून पुण्याच्या पाहुण्याचे कान टवकारतात ती जागा गाठीचीच. शेजारच्या घरातली तेलुगू मुलगी मराठी घरात सून म्हणून गेली ती आणखी एक. पण गाव चालतं ते त्या मोजक्या गाठींवर चालतं असं काही मला दिसत नाही. अक्कांच्या आणि आमच्या घरात एवढ्या वर्षांत नात्याचा किंवा पैशाचा एकही व्यवहार झाला नाही. वाटीभर विरजण मात्र दोन्हीकडून जातं-येतं.

शाळेतल्या सरांनी एकदा कोडं घातलं होतं. तीन घरं, तीन विहिरी. घराघरांत भांडण, एकमेकांचं तोंड बघायचं नाही. प्रत्येक घरातून प्रत्येक विहिरीला वाट काढा, पण वाटा एकमेकींना कापता कामा नयेत. आठ वाटा निघतात. नववी अडते. कुठूनही सुरुवात करा, नववी अडते. आख्खा वर्ग मधल्या सुट्टीत खडूनं फरशीवर वाटा काढत बसला होता. ही नववी वाट सपाट कागदावर निघूच शकत नाही, हे सिद्ध करता येतं. पण मेदूवड्यावर निघते. म्हणजे मधे भोक असलेल्या पृष्ठभागावर. नववी वाट भोकातून पलीकडे घालायची, की कुणाला न कापता विहीर गाठता येते. मग प्रश्न पडतो, कागदावर दिसणारा तो एक छेद होता कुणाचा? घरांचा नव्हता, विहिरींचा नव्हता. कागद सपाट होता, एवढंच.

याचं फार देखणं उदाहरण एका मराठी माणसाच्या नावावर आहे. शरदचंद्र श्रीखंडे सागरला १९१७ साली जन्मले, नागपुरात शिकवलं, पुढं मुंबई विद्यापीठात गणित विभाग सांभाळला, आणि १०२ वर्षांचं आयुष्य जगून २०२० साली गेले. १९५९ साली त्यांनी बोस आणि पार्कर यांच्यासोबत ऑयलरचं पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं एक अनुमान मोडीत काढलं, ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर छापली. त्याच वर्षी त्यांनी दाखवलेला एक आलेख आज जगभर श्रीखंडे आलेख म्हणूनच ओळखला जातो. १६ शिरोबिंदू, ४८ कडा, प्रत्येक बिंदूपाशी सहा. पुस्तकात त्याचं चित्र बघितलं तर रेघांवर रेघा चढलेल्या दिसतात, छेदच छेद. ठिपके कुठले आणि नुसते छेद कुठले हे कळावं म्हणून ठिपके मुद्दाम जाड काढावे लागतात. तोच आलेख भोक असलेल्या पृष्ठभागावर मांडला की एकही छेद उरत नाही. सगळा भाग ३२ त्रिकोणांत सारखा वाटला जातो. संक्रांतीला अक्कांनी एखादा मोठा मुग्गू त्यावरून काढावा, असा माझा हट्ट आहे. त्यांचं म्हणणं, ठिपके ओळीत बसवून दे, मग बघू.

हे छेद कुणाला इतके सलले असतील असं वाटत नाही. पण एकाला सलले. पाल तुरान हा हंगेरीचा गणितज्ञ. १९४४ साली त्याला ज्यू म्हणून बुडापेस्टजवळ सक्तमजुरीवर लावलं होतं, विटांच्या कारखान्यात. विटांच्या बऱ्याच भट्ट्या, विटा रचून ठेवायच्या बऱ्याच जागा, आणि प्रत्येक भट्टीपासून प्रत्येक जागेपर्यंत रूळ. विटांनी भरलेला गाडा ढकलत न्यायचा. रुळावर गाडा सुरळीत चालायचा. अडचण यायची ती जिथं रूळ रुळाला कापायचा तिथं. तिथं गाडा घसरायचा, विटा सांडायच्या, काम वाढायचं. ढकलता ढकलता त्याच्या मनात आलं, हे रूळ असे टाकता येतील का, की छेद कमीत कमी पडतील? आलेखाच्या व्याख्येत ज्याला जागाच नव्हती, त्याच बिंदूंची मोजदाद त्या अंगणातून सुरू झाली.

कमीत कमी छेद किती, याचं सूत्र झारंकिएविच या पोलिश गणितज्ञानं १९५४ साली सिद्धतेसकट छापलं. तीन भट्ट्या आणि तीन जागा असतील तर एक छेद. चार आणि चार असतील तर चार. अकरा वर्षांनी त्या सिद्धतेत भोक सापडलं. सूत्र खोटंही ठरलेलं नाही आणि खरंही. दोन्हींपैकी एक संख्या सहा किंवा त्याहून कमी असेल तर ते बरोबर आहे, इतकं पुढं सिद्ध झालं. नऊ भट्ट्या आणि नऊ जागा घेतल्या तर रूळ ८१ आणि छेद २५६, एवढ्यात काम भागतं. तसं चित्र काढून दाखवता येतं. त्याहून कमीत भागणारच नाही, याची सिद्धता अजून कुणालाही देता आलेली नाही.